ओल्या फडक्यातला डबा

माझ्या जिभेला हाड नाही, असं आधी आई म्हणायची. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणायला लागल्या. दोघींचं खरंच होतं. ह्या जिभेनं मी एकच लेक दोनदा घालवली. पहिल्यांदा रागाच्या भरात, दुसऱ्यांदा नीट विचार करून. रागाचं माणूस विसरतं, विचार करून केलेलं विसरता येत नाही.

पहिल्या वेळचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अक्का आणि मी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या. थोरल्या भावाला ती, धाकट्याला मी. ती दुधनीला सासू-सासऱ्यांजवळ, घर आणि धान्याचं दुकान सांभाळून. आम्ही दोघं सोलापुरात, भवानी पेठेत, कारण ह्यांची नोकरी मिलमध्ये. मी घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे रहाटावर सूत गुंडाळून मागवाल्यांना द्यायची. अक्काच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिच्याकडं पाळणा हलला नव्हता. मला एक मुलगी होती आणि दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

अशात सणाला दुधनीला गेलो असताना सासूबाईंनी चुलीपाशी बसून विषय काढला, की थोरल्याला दुसरी करावी, मुलगी बघून ठेवली आहे. अक्का भाकरी थापत होती. नुसती थापत राहिली, भाकरी काठवटीच्या काठाला टेकली तरी थापतच राहिली. ते बघून माझं टाळकं सरकलं.

"सवत कशाला आणता? माझ्या पोटातलं घ्या की!" मी म्हणाले.

सासूबाईंनी शब्द खाली पडू दिला नाही. "म्हणालीस न्हवं? मग देवापुढं बेल उचल." तिथल्या तिथं बेलाचं पान आणि विभूती हातात घेऊन मला शपथ घ्यायला लावली. मूल अंगावरून सुटलं की अक्काचं, आणि त्याला कुणी कधी सांगायचं नाही. हे बाहेरून आले तोवर सगळं उरकलं होतं. रात्री ते मला एवढंच म्हणाले, "मला इचारायचंस तरी." त्यानंतर जन्मात त्यांनी तो विषय काढला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

दहा महिने पाजली आणि दिली. मुलगीच होती, माझ्यासारखं मोठं कपाळ. मी एकच मागून घेतलं होतं, दर उन्हाळ्यात आठ दिवस तिला सोलापूरला आणायचं. सासूबाईंनी कुरकुर केली, अक्कानं मात्र कधी चुकवलं नाही. वैशाख लागला की ती पोरीला घेऊन पॅसेंजरनं यायची, आठ दिवस स्वतःही राहायची. पोर तिला अव्वा म्हणायची आणि मला चिगव्वा. आमच्यातल्या कानडीत काकूला तसंच म्हणतात, धाकटी आई असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा तिनं मला तशी हाक मारली तेव्हा मी तिच्या हातावर लाडू ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

ती सहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. अक्का तिला घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघाली. म्हटलं, अगं राहत नाहीस का? तर तिनं मला बाजूला घेतलं.

"हिला जूनमदी शाळंत घालायचीय. दुधनीला घालायची का हितं, ते ठरू दे ह्या आठ दिवसांत. पोरगी मनानं ऱ्हाते म्हणाली तर ठिवून घे. कायमची."

"आणि बेल?" मी म्हणाले.

"सांगू नको म्हणून बेल उचललाय, ठिवू नको म्हणून न्हवं. आणि अत्या बी आता न्हाईत." सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. "तू दरवर्षी स्टेशनावर तोंड फिरवून उभी ऱ्हातीस, मला दिसत न्हाय व्हय? सवतीपास्नं वाचवलंस मला. पर ह्याच्यापायी मी बी सुखानं निजत न्हाय गं. फकस्त एक कर, जबरदस्ती करू नको."

एवढं बोलून ती गेली. मी दारात उभी राहून बोटं मोजली. आठातला एक दिवस उजाडलाच होता.

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. कांड्या भरायचं काम मी बंद ठेवलं. कुरडयांसाठी गहू भिजवलेच होते, त्यातल्या अर्ध्या चिकाच्या कुरडया झाल्याच नाहीत, साखर घालून गरम गरम चीकच ओरपला पोरींनी. माझी थोरली तेव्हा दहा वर्षांची. ती धाकटीला सागरगोटे शिकवायची आणि मुद्दाम हरायची, कारण मी तिला तसा दम भरला होता. ह्यांनी पोरीला सायकलच्या नळीवर बसवून सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेलं, माशांना चुरमुरे टाकायला. दोघं परत आली तेव्हा तिच्या परकराच्या ओच्यात चुरमुरे तसेच होते. म्हणाली, "काकांनीच त्यांचं सगळं टाकलं." हे ऐकून हे लहान मुलासारखे हसले. भाकरीची मऊ पाठ तिला, कडक पापुद्रा थोरलीला. शेंगाचटणीवर तूप तिला, थोरलीला तेल. थोरली एकदा म्हणालीच, "आई, मी सावत्र हाय का?" मी तिला चापट मारली आणि मग तिच्याही चटणीवर तूप वाढलं.

मी लाच देत होते, दुसरं काय? पण पोर माझ्याजवळ सरकत होती हेही खरं. तिसऱ्या दिवशी माझ्या पदराला हात पुसले. पाचव्या दिवशी न विचारता मांडीवर डोकं ठेवलं. त्या वेळी मी उठले नाही, चुलीवरची आमटी करपली तरी उठले नाही.

सातव्या दिवशी आम्ही आइस्क्रीम केलं. शेजारी एक तेलुगू मावशी राहायच्या, त्यांच्या घरी चार माग होते आणि आइस्क्रीमचं भांडं होतं. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायची दांडी. उन्हाळ्यात ते भांडं पेठेत घरोघरी फिरायचं, मावशींच्या घरी फक्त धुवायला यायचं. मी आदल्या दिवशी चार शेर दूध आटवून ठेवलं होतं. ह्यांची दुपारपाळी होती, तरी सकाळी उठून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवरून आणली. येईपर्यंत त्यांची अर्धी पँट भिजली होती. बर्फ फोडून, खडेमीठ घालून बादली भरली, आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस डब्यात ओतला आणि दांडी फिरवायला सुरुवात केली.

भांडं उडू नये म्हणून त्याच्यावर कुणाला तरी बसवायचं असतं. जरा वजनदार मूल, पण फार नाही. वर गोणपाटाची घडी ठेवून आम्ही धाकटीला बसवलं. बर्फाचा गारवा गोणपाटातून वर आला तशी ती किंचाळायला लागली.

"चिगव्वा, गार लागतंय की! लई गार लागतंय!"

"उतरू नको, उतरलीस तर पाणी हुतंय सगळं!" थोरली ओरडली.

मग ती दोन्ही हातांनी बादलीची कड धरून बसून राहिली. मी दांडी फिरवत होते, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर. खिदळत होती, कपाळावर घाम आणि खाली बर्फ. खालच्या भोकातून खारट पाणी अंगणात चाललं होतं. मी आठवडाभर योग्य वेळ शोधत होते. ती कधी आली मला कळलं नाही, तोंडातून शब्द गेले.

"ऱ्हाशील का गं माझ्यापाशी? हितंच, शाळंला?"

तिनं क्षणभर बघितलं. मोठ्या माणसासारखा विचार केला. "व्हय की," म्हणाली. "ऱ्हाते."

"कायमची?"

"ऱ्हाते म्हणाले की."

मी दांडी अशी फिरवली, अशी फिरवली की हे म्हणाले, "अगं हळू, लोणी निघंल त्याचं." मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ते पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग तोंड धुवायला गेले. तोंड धुवायला त्यांना बराच वेळ लागला.

आइस्क्रीम चांगलं झालं, थोडं रवाळ, कडेला जरा खारट. मावशींनी दोन वाट्या खाल्ल्या आणि तेलुगूत काहीतरी आशीर्वाद दिला. धाकटीनं अर्धी वाटी खाल्ली आणि थांबली. मला म्हणाली, एक झाकणाचा डबा दे. मला वाटलं, नंतर खायला ठेवते आहे. मी चिवड्याचा छोटा डबा रिकामा करून दिला. तिनं उरलेलं आइस्क्रीम त्यात घातलं, झाकण लावलं, ओलं फडकं गुंडाळलं आणि माठाच्या मागं वाळूत नेऊन ठेवलं. आमच्या घरात गार राहायची जागा तीच. दूध तिथं, लोणी तिथं, केसांत घालायचा गजरा तिथं. पोरीनं आठवडाभर बघितलं होतं.

हे कामावर गेले. आम्ही खिडक्यांना ओली पोती लावून आडव्या झालो. मी डोळे मिटून पडले होते, झोप कसली लागते? मनात तिचं नाव शाळेत घालून झालं होतं. थोरलीच्या जुन्या फ्रॉकांतले कोणते तिला येतील तेही ठरलं होतं. मधेच पावलं वाजली. धाकटी उठून माठापाशी गेली, फडक्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, परत येऊन पडली. थोड्या वेळानं पुन्हा गेली. असं तीनदा झालं. मला गंमत वाटली. म्हटलं, कोण हा संसार पोरीचा.

मिलचा भोंगा झाला तेव्हा ती चौथ्यांदा गेली आणि तिनं झाकण उघडलं. मग आवाज आला. ती मोठ्यानं रडत नव्हती, तोंडात परकर कोंबून रडत होती. मी धावत गेले. डब्यात पिवळं दूध झालं होतं.

"अगं एवढंच ना, परत करू," मी म्हणाले.

"अव्वाला ठिवलेलं," ती म्हणाली. "उद्या अव्वा येती. आता तिला काय देऊ?"

मी तिला मांडीवर घेतलं. ती हुंदके देत कानडीत बोलायला लागली. माझ्याशी ती कधी कानडीत बोलायची नाही, ती तिची आणि अक्काची भाषा होती. "अव्वा बेकु," म्हणाली, मला अव्वा पाहिजे. मग जरा थांबून मराठीत विचारलं, "अव्वा बी हितंच ऱ्हानार न्हवं?"

माझी जीभ, जी कधी गप्प बसली नाही, ती त्या वेळी गप्प बसली.

"न्हाय ऱ्हानार? मग तितं तिच्यापाशी कोन निजनार? तिला अंधाराचं लई भ्या वाटतं."

अक्का आणि अंधाराला भिणार! लहानपणी अमावस्येला मळ्यातल्या विहिरीवर एकटी जायची पैज तिनं जिंकली होती. अंधाराला भीत होती ती पोर. पोरीला त्याची लाज वाटू नये म्हणून अक्कानं ती भीती स्वतःच्या नावावर घेतली होती, आणि रोज पोरीला सांगत होती, मला भ्या वाटतं, माझ्यापाशी नीज. मला हे सुचलं असतं का? मी म्हणाले असते, भितीस काय, गप नीज.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं. मी म्हणाले, "तुला जायचं असलं तर जा बरं. मी रागावणार न्हाय."

"ऱ्हाते म्हणाले की मी," ती म्हणाली. "ऱ्हाईन." आणि डब्यातलं दूध पिऊन टाकलं.

मला वाटलं, शब्द दिला म्हणून राहते आहे. माझ्यासारखीच, तोंडातून गेलं म्हणून बांधली गेली आहे. तसं मी कुणाला होऊ देणार नव्हते.

तरी सकाळपर्यंत माझं ठरत नव्हतं, खोटं कशाला बोलू. ठरलं ते अक्का दारात आली तेव्हा. तिच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती. स्टेशनावरून चालत आली होती. ट्रंक उतरवून तिनं लगेच उघडली आणि मला दाखवायला लागली. पोरीचे सगळे कपडे, थंडीची टोपी, दुपटं, पाटी, चिंध्यांची बाहुली, बारशाची वाटी. सगळ्यात वर एक परकर होता, ओलसर. "दोरीवर हुता, वाळायला थांबले न्हाय, पिळून आणला," म्हणाली. "म्हटलं, काय ऱ्हायला नको तितं." तिनं स्वतःकडं एक झबलंसुद्धा ठेवलं नव्हतं. हे सांगताना ती हसत होती.

मग तिनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "काय म्हणाली?"

"न्हाय म्हणाली," मी म्हणाले. "ऱ्हात न्हाय म्हणाली. तिला तूच पायजे."

अक्का मटकन ट्रंकेवर बसली. पदरात तोंड घालून रडली. सुखानं रडणारं माणूस मी तेवढ्या जवळून तेव्हाच बघितलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पोर उभी. एका हातात सागरगोटे. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, रडत नव्हती, नुसती बघत होती. त्या वेळी म्हणायला पाहिजे होतं, की थांब, मी खोटं बोलले. ते मी म्हणाले नाही.

ती वळून आत गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. निघताना मी तिच्या तळहातावर दही घातलं, प्रवासाला निघणाऱ्याला घालतात तसं. तिनं ते चाटलं नाही. वाकून माझ्या पाया पडली आणि हात परकराला पुसून टाकला. स्टेशनावर त्या वर्षी मी तोंड फिरवलं नाही, गाडी हलेपर्यंत खिडकीकडं बघत राहिले. ती पलीकडच्या खिडकीत बसली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली नाही. गोवर निघाला आहे, असं अक्काचं पत्र आलं. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणे घरी पाहुणे होते. तिसऱ्या वर्षी अक्कानं खरं लिहिलं, 'पोरगी नको म्हणते, का ते सांगत नाही.' मी विचारायचं सोडून दिलं. त्यानंतर लग्नाकार्यात भेटायची, वाकून नमस्कार करायची, कशा हाय चिगव्वा म्हणायची.

अक्का गेली तेव्हा मी दुधनीला महिनाभर राहिले. हे आधीच गेले होते. लेक आता स्वतः दोन मुलांची आई झाली होती. एक दिवस आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो, ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सुरुवात केली.

"मला सगळं ठाऊक हाय, चिगव्वा. दहावीत असतानाच गावातल्या एका बाईनं सांगितलं. अव्वाला मी कधी कळू दिलं न्हाय."

तिनं पिठाचा दुसरा गोळा काठवटीत घेतला.

"पहिल्यांदा दिलंस, त्याचं मला काय वाटत न्हाय. मी तान्ही होते आणि अव्वावर सवत येणार होती. पर दुसऱ्यांदा? मी तर ऱ्हाते म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते. आठ दिवस वाटायचं, हीच माझी आई असती तर. आणि तू अव्वाला सांगितलंस, न्हाय म्हणाली म्हणून. तुला नको होते तर इचारलंस कशाला?"

वीस वर्षं मी ज्याला शब्द समजत होते, ते पोरीचं मन होतं. तिला मी हवी होते. मला उमाळा आला. शेवटी माझ्याजवळ एकच पुरावा होता, तोच मी पुढं केला.

"अगं, तू अव्वासाठी आइस्क्रीम ठिवलं होतंस की! ओल्या फडक्यात गुंडाळून, माठाच्या मागं. ते इतळलं म्हणून किती रडलीस. त्या डब्याकडं बघून मी ठरवलं गं. तो डबा आठवत न्हाय तुला?"

तिचा थापणारा हात थांबला. कपाळाला आठ्या घालून, माझंच ते कपाळ, तिनं खरंच आठवून बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली. "कसला डबा?"

मग तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.